मॅट नंतर घ्या, आधी पेन बघा

दापोलीहून एकाने विचारलंय: आम्ही चौघं यंदाच डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत रंगवायचा गोष्टीचा खेळ) खेळायला लागलो. दर रविवारी आलेखाचे कागद संपतात. नकाशा काढून, पुसून, पुन्हा काढता येईल असं काय घ्यावं? व्हाइटबोर्ड, काच, लॅमिनेट केलेला कागद, की परदेशी विनाइलची मॅट? आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, ज्याच्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो: "घर समुद्राला लागून आहे, पावसात सगळंच सादळतं."

मी रत्नागिरीत बारा-तेरा वर्षं डीएमगिरी करतोय, म्हणजे या खेळात गोष्ट सांगणारा आणि नकाशा काढणारा डन्जन मास्टर मी असतो. या विषयावरचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेतल्या लोकांनी दिलेले असतात. त्यांच्याकडे मॅट गुंडाळून कपाटात ठेवली की सहा महिन्यांनी तशीच बाहेर येते. आपल्याकडे जूनमध्ये ठेवलेली चप्पल ऑगस्टमध्ये हिरवी होते. त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळं असेल.

तुम्ही पृष्ठभागापासून सुरुवात केलीत, मी पेनापासून करतो. पुसलं जाणं हा एकट्या मॅटचा गुण नव्हे. शाई आणि मॅट, पत्रिका दोघांची जुळावी लागते. बाजारात शाई तीन तऱ्हेची. व्हाइटबोर्ड मार्करमध्ये रंग असतो, लवकर उडून जाणारं अल्कोहोल असतं आणि सोबत एक तेलकट पदार्थ असतो. अल्कोहोल उडालं की तो तेलकटपणा रंगाला खाली चिकटू देत नाही, म्हणून कोरड्या फडक्याने रेघ निघते. ही ड्राय इरेज. दुसरी वेट इरेज: तिच्यात रंगाला धरून ठेवणारा पदार्थ पाण्यात विरघळतो, त्यामुळे वाळल्यावर बाही लागून रेघ जात नाही, ओलं फडकं लागतं. तिसरी परमनंट, तिच्यात राळेसारखा पदार्थ घट्ट धरून बसतो आणि पाण्याला दाद देत नाही.

आता दुकानातली गंमत. स्टेशनरीवाल्याकडे "वेट इरेज" म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. "ओएचपी पेन" म्हणा. शाळा-कॉलेजात पारदर्शक शीटवर लिहून पडद्यावर दाखवायचे, त्या काळातलं हे पेन. पण ओएचपी पेनही दोन्ही प्रकारचं मिळतं, परमनंट आणि नॉन-परमनंट, आणि दिसायला सख्खी भावंडं. स्टेडलरच्या ल्युमोकलरमध्ये बारीक टोकाचं 316 नंबरचं पेन पाण्याने पुसलं जातं आणि 318 नंबरचं जात नाही. दोन आकड्यांचा फरक, आणि मॅट कायमची गेली. ओएचपी नसेल तर दुकानदार "सीडी मार्कर घ्या, सेम आहे" म्हणतो. सेम नाही. तो परमनंट असतो. घेण्याआधी पेनावरचं बारीक अक्षर वाचा, आणि दुकानातच प्लास्टिकच्या एखाद्या तुकड्यावर रेघ मारून, वाळू देऊन, ओल्या बोटाने पुसून बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

चुकून परमनंटची रेघ पडलीच, तर काचेवर किंवा बोर्डवर एक जुनी युक्ती चालते. त्याच रेघेवरून व्हाइटबोर्ड मार्कर गिरवायचा आणि ओला असतानाच पुसायचा. मार्करमधलं अल्कोहोल खालची राळ सोडवतं आणि दोन्ही रंग फडक्यावर येतात. हीच युक्ती माझ्यावर कशी उलटली ते सांगतो. सुरुवातीला मी एक जुना व्हाइटबोर्ड आणला आणि त्यावर परमनंट मार्करने इंचा-इंचाची चौकोनी घरं आखली. दोन संध्याकाळी पट्टी धरून बसलो होतो. म्हटलं, वरून नकाशा काढू, पुसू, खालची घरं कायम राहतील. तिसऱ्या सेशनला लक्षात आलं की जिथे-जिथे भिंत काढली होती तिथे-तिथे घरांच्या रेघाही पुसल्या जातायत. महिन्याभरात माझा बोर्ड मधोमध टकला झाला. घरं बोर्डवर आखायचीच असतील तर गाड्यांवर नक्षीला लावतात तसली बारीक चिकटपट्टी लावा. ती हलत नाही.

पेन झालं. आता कशावर, ते बघू.

पहिली गोष्ट आकाराची. या खेळात 1 इंचाचं एक घर म्हणजे 5 फूट, म्हणजे 60 इंचांना 1 इंच. आमच्या टोळीला वाटलं, आपल्या दारातला सिंधुदुर्ग किल्लाच नकाशावर घेऊ. तटाची लांबी सुमारे 3 किलोमीटर. या प्रमाणात ती 50 मीटर भरते, मालवणच्या जेटीवर मॅट अंथरावी लागली असती. शेवटी आम्ही फक्त मुख्य दरवाजा घेतला, जो बाहेरून होडीतल्या माणसाला दिसतच नाही अशा वळणात बांधलाय. त्या वळणावर दोन रविवार मारामारी चालली आणि सगळा प्रसंग 20 बाय 20 घरांत मावला. एका पाळीत माणसाची चाल साधारण 30 फूट म्हणजे 6 घरं, फायरबॉल या आगीच्या मंत्राचा घेर 20 फूट त्रिज्येचा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत 8 घरं. चौघांना 22 बाय 30 घरं भरपूर झाली. त्याहून मोठी मॅट घेतलीत तर ताटं ठेवायला जागा उरत नाही, आणि आमच्याकडे मधल्या सुट्टीत घावणे असतात.

तुमच्यासाठी माझी निवड सरळ सांगतो: ए3 कागदावर छापलेली घरं, चार प्रती, लॅमिनेट करून. एका ए3 वर इंचाची 11 बाय 16 घरं बसतात, चार जोडल्या की 22 बाय 32. लागतील तेवढ्याच मांडायच्या. गुहेत शिरले की दोन पानं, बाहेर आले की चार. खेळाडूंनी दार उघडलं की शेजारी नवं पान ठेवायचं, आधी काढून पालथं ठेवलेलं. ही मजा एकसंध मॅटमध्ये नाही. आणि एखादं पान बिघडलं तर झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटांचं काम.

पण झेरॉक्सवाल्याकडे उभं राहून दोन गोष्टी करून घ्या. छापताना तो सवयीने "फिट टू पेज" ठेवतो. माझी पहिली चार पानं अशीच आली. बघायला झकास, पण प्रत्येक घर इंचाला मिलिमीटरभर कमी. एका घरात कळत नाही, 16 घरांच्या टोकाला दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि इंचाच्या बैठकीच्या चार मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) शेजारी उभ्या केल्या की एसटीच्या शेवटच्या सीटसारख्या एकमेकींना ढकलतात. "100 टक्क्यांवर काढा" म्हणून सांगा, आणि पैसे देण्याआधी पट्टी लावून 10 घरं मोजा. 254 मिलिमीटर भरली पाहिजेत.

दुसरी गोष्ट कडेची. लॅमिनेशन म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि आत गरम होऊन चिकटणारा थर. कागदाच्या बाहेर जिथे प्लास्टिकला प्लास्टिक चिकटतं तीच खरी शिलाई. दुकानदार नीटनेटकं दिसावं म्हणून ती कागदाच्या रेषेत कापायला जातो. हात धरा त्याचा. निदान 5 मिलिमीटरची पारदर्शक किनार राहू द्या. कागद उघडा पडला की तो कडेने हवेतलं पाणी पितो, पावसाळ्यात फुगतो, थर सुटतात आणि आत एक तपकिरी रेघ हळूहळू मध्याकडे सरकते. किनारीमुळे दोन पानांची घरं एकमेकांना टेकत नाहीत, हे खरं. आम्ही एकाची किनार दुसऱ्यावर चढवतो आणि उरलेल्या फटीकडे दुर्लक्ष करतो.

या किनारीची परीक्षा आम्हाला नको त्या प्रकारे बघायला मिळाली. चिपळूणला आमच्यातला एक राहतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्याच्या तळमजल्यावरचं खेळाचं कपाट अख्खं बुडालं. पुस्तकांचा लगदा झाला. चिखल उपसून झाल्यावर आम्ही बादलीत लॅमिनेटची पानं धुतली. किनार ठेवलेली सहाच्या सहा ठीक होती. किनार कापलेल्या तीन पानांत गाळ आतपर्यंत गेला होता. विनाइलची मॅटही वाचली, तिला नळाखाली धरली आणि दोरीवर टाकली.

पानांवर पेन कुठलं? दोन्ही चालतात, आणि इथे खरा निर्णय आहे. मे महिना, लाईट गेलेली, पंखा बंद, सगळ्यांची कोपरं घामाने चिकट. ड्राय इरेजची रेघ अशा कोपराने साफ उचलली जाते. आमचा बँकवाला मित्र नकाशावर झुकून विचार करतो, आणि त्याचा विचार संपेपर्यंत पूर्वेकडची भिंत त्याच्या हातावर आलेली असते. वेट इरेज घामानेही फिसकटते, पण निदान सुक्या बाहीला टिकते. तिचा शत्रू वेगळा: कोकम सरबताचा गार ग्लास. ग्लासाच्या बुडाखाली जमलेल्या पाण्याने आमच्या नकाशात एकदा एक गोल तलाव तयार झाला, आणि डीएम म्हणून मला तो तिथे होताच असं सांगावं लागलं. तेव्हा भिंती, दारं, नदी वेट इरेजने, आणि क्षणात बदलणाऱ्या गोष्टी, आग, धूर, कोण कुठे पडलं, ड्राय इरेजने. ग्लास खाली, स्टुलावर.

आता विनाइलची मॅट. तिची बदनामी करायची नाही, माझ्याकडे आहे आणि मी वापरतो. टेबलावर ती अंगाला अंग लावून पडते, एका बाजूला चौकोन आणि दुसऱ्या बाजूला षट्कोन मिळतात, फासे वाजत नाहीत. पण तिचा स्वभाव समजून घ्या. विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ कालवलेला असतो. मऊ पीव्हीसी रंग आत ओढतं. त्यावर व्हाइटबोर्ड मार्कर चालवलात तर अल्कोहोल रंगाला हात धरून आत नेतं आणि मग तो येत नाही. म्हणून या मॅटवर फक्त वेट इरेज. तीही रात्रभर ठेवायची नाही. लाल आणि नारिंगी रंग सगळ्यात आधी मुरतात. माझ्या मॅटवर एका ड्रॅगनचा जबडा अजून आहे, फिका गुलाबी. "पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू" म्हणून नकाशा तसाच ठेवला, मग पुढच्या रविवारी कुणाचं लग्न निघालं, त्यानंतर गणपती. नकाशा जपायचा असेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि पुसून टाका.

तो तेलासारखा पदार्थ अजून एक खोडी करतो. शाळेत कंपासपेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी महिनाभर चिकटून राहिली की पट्टीवर खड्डा पडायचा, आठवतंय? तेच इथे होतं. कडक प्लास्टिकच्या मिनी विनाइल मॅटवर महिनोन्महिने उभ्या ठेवू नका, बैठक मऊ होऊन चिकटते. आणि कपाटात डांबरगोळ्या टाकायची आपल्या घराघरांतली सवय मिनींच्या डब्यापासून लांब ठेवा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

मॅटच्या घड्या घालायच्या नाहीत. नळीवर गुंडाळायची, आणि खेळायची बाजू बाहेर ठेवून. म्हणजे उलगडल्यावर कडा वर न उचलता टेबलाकडे झुकतात. गुंडाळण्याआधी पूर्ण कोरडी झालीच पाहिजे. ओल्या फडक्याने पुसून लगेच गुंडाळलीत तर त्या गुंडाळीत जुलै ते सप्टेंबर बुरशी मजेत राहते, हाताचा तेलकटपणा आणि सांडलेली वेफर्स खात. मी पुसतो, पंख्याखाली अर्धा तास टाकतो, मग गुंडाळतो. लाईट नसेल तर रात्रभर खुर्चीच्या पाठीवर.

काच ही माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. तिच्यात काही मुरत नाही, दोन्ही पेनं चालतात, परमनंटही निघतं. खाली घरांचा कागद, वर 4 मिलिमीटरची काच. तीन तोटे. वजन: 2 फूट बाय 3 फुटांची अशी काच साडेपाच किलोच्या आसपास भरते, स्कूटरवरून मित्राकडे न्यायची वस्तू नव्हे. चमक: डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर अर्धा नकाशा पांढरा दिसतो, आणि लाईट गेल्यावर मोबाइलचा टॉर्च लावलात तर उरलेलाही. तिसरा तोटा खास आपला. आजी-आजोबांच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला तुम्ही पाहिलाच असेल, सोडवायला गेलं की आजोबांचा कोट काचेवर राहतो. दमट हवेत काचेखाली नुसता कागद ठेवलात की दोन पावसाळ्यांत तुमच्या घरांचं तेच होईल. खाली लॅमिनेट केलेलं पानच ठेवा. काचवाल्याकडून कडा घासून घ्या, आणि टफन्ड हवी असेल तर माप आधी ठरवा. टफन केल्यावर काच कापता येत नाही, कापायला गेलं की सगळीचे तुकडे होतात.

ॲक्रिलिक हा हलका पर्याय, त्याच मापात 3 मिलिमीटरची शीट दोन किलो भरते. पण पटकन ओरखडे पडतात, आणि एक धोका लोकांना माहीत नसतो: अल्कोहोलने त्यात केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात, विशेषतः कापलेल्या कडांजवळ. करोनाच्या साथीनंतर प्रत्येकाच्या घरात सॅनिटायझरची बाटली आहे आणि डाग दिसला की तीच हाताशी येते. ॲक्रिलिकवर नको. साबणाचं पाणी, मऊ फडकं.

जेवणाच्या टेबलावर घालतात ते मीटरवर मिळणारं जाड पारदर्शक प्लास्टिक अनेकांना सुचतं. स्वस्त आहे, हरकत नाही, पण तेही बहुधा मऊ पीव्हीसीच, म्हणजे विनाइलचे सगळे नियम लागू. नवं असताना वासही मारतं.

फ्लेक्स मात्र घेऊ नका. निवडणुकीनंतर गावात फ्लेक्सचा ढीग पडतो आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर घरं आखायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्याचा पोत खडबडीत, शाई खाचांत बसते. पहिल्या पुसण्यातच करडं ढग जमतात. शिवाय मागून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिसत राहतात.

व्हाइटबोर्डबद्दल एवढंच: स्वस्त बोर्डाचा पृष्ठभाग मेलामाइनचा असतो, वर्षभरात त्यावर जुन्या नकाशांची भुतं उमटतात. एनॅमल केलेल्या लोखंडाचा बोर्ड टिकतो आणि त्यावर लोहचुंबकाची टोकन चिकटतात. पण त्याच्या कडेला किंवा कोपऱ्यात एनॅमल उडालं की आपली खारी हवा आत शिरते आणि गंज धरतो. शाळेत मिळाला तर वापरा, विकत घेऊ नका.

आणि पैसेच नसतील तर? आम्ही सुरुवात आजोळी केली, पडवीतल्या लाल कोब्यावर, खडूने. घरं टिचभर रुंद, पात्रं म्हणजे सुपाऱ्या आणि कोकमाच्या बिया. आज्जी सारीपाट खेळलेली बाई, तिला घरं आणि फासे समजावे लागले नाहीत. ती एवढंच विचारायची, "जिंकलो कोण शेवटी?" आम्ही सांगायचो, यात कुणी जिंकत नाही. ती म्हणायची, "मग कशाला कोबा खराब करताय?" ओल्या फडक्याने तो आम्हीच पुसायचो. काळ्या कडप्प्यावरही खडू छान उठतो. फक्त खडूची रेघ जाड येते, इंचाची घरं जमत नाहीत, दोन इंचांची धरा.

तर या रविवारआधी: चार ए3 पानं किनार ठेवून, एक काळं आणि एक निळं नॉन-परमनंट ओएचपी पेन, एक काळा व्हाइटबोर्ड मार्कर, जुन्या मलमलीचे दोन तुकडे, एक ओला, एक कोरडा. पाचवं पान वेगळं काढा आणि त्याच्या कोपऱ्यात तुमच्या प्रत्येक पेनाची एकेक रेघ मारून आठवडाभर ठेवा, जमलं तर जुलैत. जी रेघ आठवड्याने निघणार नाही ते पेन मुलांच्या दप्तरात टाका. विनाइल मॅटचं पुढच्या वर्षी बघू, तोवर तुमची टोळी टिकली तर.